बस कुठे बघतेय?

बस घाटातल्या पहिल्या वळणावर आली, अण्णांनी डावीकडे पाहिलं, आणि बसने सरळ आभाळाकडे पाहिलं.

"अरे, अरे, अरे!" करत अण्णांनी करकचून ब्रेक मारला. समोर रस्ता नाही, कठडा नाही, दरी नाही. नुसतं निळं आभाळ आणि त्यात एक ढग.

"काय झालं? टायर?" शेजारच्या स्टुलावरून मास्तरांनी विचारलं.

"टायर नाही रे. बस वर बघतेय."

"बस कशी वर बघेल? तूच बघितलं असशील."

"मी? उभ्या जन्मात मी गाडी चालवताना वर बघितलेलं नाही!"

ही बस खरी नव्हती. पण हे अण्णांच्या तोंडावर म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती. अण्णांनी सारी नोकरी एकाच रस्त्यावर बस चालवण्यात घालवली. पुढे डोळ्यांनी दगा दिला आणि लायसन्स गेलं, तेव्हा अण्णा महिनाभर खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवत होते. मुलगा त्या वेळी कॉलेजात होता. त्याने बस चालवायचा एक खेळ आणला आणि रविवारमागून रविवार त्या रस्त्याचे फोटो काढून अख्खा रस्ता त्या खेळात उतरवला. स्टँडबाहेरची पंक्चरची टपरी, घाट, कठड्याचे पांढरे दगड, पलीकडचं तळं, सगळं जिथल्या तिथे. टेबलाला स्टिअरिंग लावलं, खाली पेडलं बसवली. पडद्याच्या डोक्यावर अंगठ्याएवढा एक कॅमेरा बसवला आणि अण्णांच्या टोपीवर तीन चकचकीत टिकल्या चिकटवल्या. कॅमेरा त्या टिकल्यांवर डोळा ठेवून असायचा. अण्णांनी मान डावीकडे वळवली की बसच्या काचेतून डावीकडचं दिसायचं, उजवीकडे वळवली की उजवीकडचं.

पुढे खऱ्या डोंगरातून बोगदा गेला आणि घाटरस्ता बंद झाला. आता तिथे गवत माजलं होतं. तो रस्ता शाबूत असा एकाच ठिकाणी उरला होता, अण्णांच्या खोलीच्या कोपऱ्यात. आणि तो चालायचाही फक्त त्याच जुन्यापुराण्या कॉम्प्युटरवर. नवीन कॉम्प्युटर त्या खेळाला दारातही उभं करत नव्हते.

मास्तर म्हणजे त्याच बसचे कंडक्टर. रोज दुपारी चहा झाला की ते यायचे, पलंगावर उशा ओळीने मांडायचे, कारण रिकामी गाडी न्यायची म्हणजे अपशकुन, आणि स्टूल आडवं टाकून बसायचे. अंग अर्धवट पडद्याकडे, तोंड उशांकडे. कंडक्टरने पॅसेंजरवर लक्ष ठेवायचं, रस्त्यावर लक्ष ठेवायला ड्रायव्हर आहे, असा त्यांचा बाणा. पलंगाच्या कठड्याला सायकलची घंटी बांधलेली होती. ती एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. सुनेने लग्न होऊन आल्यावर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दोन दिवस नवऱ्याशी नीट बोलली नव्हती.

आज मात्र मास्तर जुना खाकी कोट घालून आले होते. छातीवर पितळी बिल्ला, तोही टूथपेस्ट लावून घासलेला. कारण आजची फेरी शेवटची होती. मागच्या महिन्यात मास्तर न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या मुलीने निकाल दिला, आता एकटं राहायचं नाही. सामान बांधून झालं होतं. संध्याकाळी ती गाडी घेऊन न्यायला येणार होती, आणि तिचं गाव काही मनात आलं की उठून येण्याच्या अंतरावर नव्हतं.

"काहीही कर, पण आज तळ्यापर्यंत तरी ने मला," मास्तर आल्यापासून म्हणत होते. "तिथून पुढे नाही नेलंस तरी चालेल."

अण्णांनी टोपी सारखी केली. "चल. दे बेल."

मास्तरांनी वाकून दोनदा घंटी वाजवली. ते वाकले तशी बस खाली वाकली आणि स्वतःच्याच स्टिअरिंगकडे बघत राहिली.

"माझ्या मानेत काहीतरी झालंय," अण्णा घाबरून म्हणाले. "मला कळत नाहीये, पण मान आपली आपली फिरतेय. सूनबाई! अगं सूनबाई!"

सून पलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसली होती. लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर फोनवरून ठीक करायचे, हीच तिची नोकरी. ती आली, अण्णांची मान दोन्ही हातांनी धरून फिरवून पाहिली आणि म्हणाली, "मान झकास आहे. बंद करून परत चालू करा."

"तू सगळ्यांना हेच सांगतेस."

"सगळ्यांचं ह्यानेच चालू होतं, अण्णा."

कॉम्प्युटर बंद झाला तो तत्परतेने. चालू व्हायला मात्र त्याने म्हाताऱ्या माणसासारखा वेळ घेतला. आधी कण्हला, मग पंखा गरगरला, मग पडदा निळा झाला, मग काळा, मग पुन्हा निळा. शेवटी उठला तेव्हा त्याची तारीख चुकलेली होती. आतला सेल कधीच मेला होता, त्यामुळे बंद केला की तो मधली सगळी वर्षं विसरून जायचा. त्याच्या हिशेबाने अण्णा अजून नोकरीत होते.

"राहू दे की तशीच तारीख," मास्तर म्हणाले. "काय वाईट आहे?"

पण कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमला ते चालेना. आपला जन्मच अजून व्हायचा आहे, असं म्हणून तो उघडायला तयार होईना. सुनेने तारीख दुरुस्त केली. तेव्हा तो उघडला आणि त्याने एक पाटी झळकवली. सुनेने ती वाचून दाखवली, "ही आवृत्ती फार जुनी झाली आहे. यापुढे तिला कोणतीही मदत मिळणार नाही."

"पेन्शनच्या खिडकीवर मलाही असंच सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. "पण थोडं गोड बोलून."

बस निघाली. टपरीपर्यंत ठीक गेली. मग मास्तर मागच्या उशीला "पुढे सरका" म्हणायला वळले, आणि बसने रस्ता सोडून टपरीवाल्याच्या पत्र्याकडे टक लावली. अण्णांनी मान उजवीकडे केली. बस डावीकडे. अण्णांनी डावीकडे केली. बस जागची हलेना. ढुशीच्या तयारीतल्या रेड्यासारखी अण्णांची मान इकडून तिकडे झुलत होती आणि बस तिला भीक घालत नव्हती.

आता मुलाला फोन लावणं आलं. तो कंपनीच्या कामासाठी वर्षभर परदेशी होता आणि तिकडे नुकतं उजाडत होतं. उशीतूनच त्याचा आवाज आला, "खोलीत काहीतरी चमकतंय. कॅमेरा जुना आहे, त्याला टिकली आणि चमचा यातला फरक कळत नाही. जे जे चमकतं ते झाका."

"संध्याकाळी मास्तरांची मुलगी येतेय रे," अण्णा म्हणाले. "त्याच्या आत व्हायला पाहिजे."

"मग भराभर झाका," मुलगा म्हणाला आणि बहुधा परत झोपला.

सगळे कामाला लागले. खिडकीला चादर टांगली. आरशावर टॉवेल टाकला. भिंतीवरच्या घड्याळाची काच चमकते म्हणून घड्याळ उतरवलं. पाण्याचा तांब्या पलंगाखाली गेला, कपाटाच्या मुठीवर मोजा चढला, दुसरा मोजा सायकलच्या घंटीवर. सुनेने हातातल्या बांगड्या काढून डब्यात ठेवल्या. घर कुलूप लावून यात्रेला निघाल्यासारखं दिसू लागलं.

बस तरीही आभाळाकडेच बघत होती.

सुनेने खोलीभर नजर फिरवली आणि ती हळूहळू येऊन मास्तरांच्या टकलावर थांबली.

"काका, राग मानू नका..."

"नाही मानत," मास्तर म्हणाले. "पण इतकं काही चमकत नाही ते."

"चमकतं," अण्णा म्हणाले. "स्टँडवर लोक तुला त्याच्यावरून शोधायचे."

मास्तरांना कानटोपी घालण्यात आली. भर उन्हाळ्यात, बंद खिडकीच्या खोलीत, खाकी कोट आणि वर कानटोपी. घामाच्या धारा लागल्या, पण शेवटच्या फेरीसाठी त्यांनी हूं की चूं केलं नाही. बेल दिली. मोज्यातून घंटी 'थप थप' वाजली. बस निघाली, दोन खांब गेली, आणि पुन्हा मान टाकून खाली बघत बसली.

सुनेने प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकायचं ठरवलं. त्यासाठी जुनी सीडी हवी होती. ती माळ्यावर सापडली, पण कॉम्प्युटरचा सीडीचा कप्पा उघडेना. तो केसांच्या पिनेने उघडला, तर आत मुलाच्या कॉलेजातली गाण्यांची सीडी निघाली. ती चुकून सुरू झाली आणि खोलीत ढोल दणाणू लागले. सुनेच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा पलीकडच्या साहेबांना वाटलं, घरात कार्य आहे. त्यांनी आपणहून तिला अर्ध्या दिवसाची रजा दिली आणि शुभेच्छा दिल्या.

हे सगळं होईस्तोवर उन्हं कलली. तिकडे मास्तरांच्या मुलीचा फोन आला, "बाबा, तासाभरात पोचतेय मी." मास्तरांनी घाम पुसत नुसतं "हं" केलं.

पाणी प्यायला म्हणून ते उठून स्वयंपाकघरात गेले. आणि बस सुतासारखी सरळ झाली. अण्णांनी डावीकडे पाहिलं, बसने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं, उजवीकडे. "आली! ताळ्यावर आली!" अण्णा ओरडले. मास्तर हातातला पेला टाकून धावत आले, स्टुलावर बसले, आणि बसने पुन्हा आभाळाकडे पाहिलं.

अण्णांचा तोल सुटला. "तू आलास की बिघडतंय! तू गेलास की नीट! सबंध दुपार तुझ्यापायी फुकट गेली!"

मास्तरांनी कानटोपी काढली, घडी घातली आणि उशीवर ठेवली.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "मी जातो. म्हणजे नीट चालेल. रोजच नीट चालेल."

ते दाराकडे निघाले. अण्णांना बोलून गेल्याचा लगेच पस्तावा झाला. हा माणूस आता गेला तर उद्यापासून स्टुलावर कुणी नाही, बेल नाही, आणि जाताना कानात शब्द राहणार तर हे. पण नोकरीभर भांडण झालं की समेट करायचं काम मास्तरांचंच होतं. अण्णांना ते करायची सवयच नव्हती. ते स्टिअरिंग घट्ट धरून बसले.

"काका, थांबा!" सून ओरडली. ती पडद्याकडे बघत होती. "तिथेच थांबा. आता वळा. इकडे तोंड करा. आता खाली वाका."

मास्तर दारात वळले, वाकले. पडद्यावर बस वळली, वाकली.

"डावीकडे चला."

मास्तर डावीकडे सरकले. बसने डावीकडे पाहिलं.

सून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यात स्वतःचं तोंड बघून आली. "अण्णा, टूथपेस्ट! ह्या बिल्ल्यापुढे तुमच्या टिकल्या म्हणजे काजवे. कॅमेरा मघापासून काकांकडेच बघतोय. काका, बिल्ला काढा, झालं काम."

मास्तरांनी बिल्ल्यावर हात ठेवला. "बिल्ला काढून ड्युटी?"

"खोटी ड्युटी आहे हो, काका!"

"चेकर आला तर?"

"कुठून येईल? कपाटातून?"

मदतीसाठी तिने सासऱ्यांकडे पाहिलं. पण अण्णांना आता तोंड फुटलं होतं आणि भरपाई करायची संधीही मिळाली होती. "बिनबिल्ल्याचा कंडक्टर माझ्या गाडीत चढणार नाही," ते ठासून म्हणाले.

"मग रुमाल टाका त्याच्यावर!"

"झाकलेला बिल्ला आणि काढलेला बिल्ला सारखाच," दोघे एका सुरात म्हणाले.

सून कमरेवर हात ठेवून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. दिवसभर फोनवर तिला नाना तऱ्हेची माणसं भेटत, पण अशी जोडी तिच्या कंपनीच्या नशिबात नव्हती. मग तिने खुर्ची ओढली, प्रोग्रॅमच्या कुठल्याशा कोपऱ्यात शिरली आणि तीन टिकल्यांऐवजी एकच ठिपका धरायचा, असं त्याला बजावलं.

"अण्णा, टोपी काढा. आता काका बघतील, तुम्ही चालवा."

"म्हणजे?"

"म्हणजे काका जिकडे वळतील तिकडे बस बघेल. स्टिअरिंग तुमच्याकडे. भांडू नका. वेळ कमी आहे."

मास्तरांना पहिल्यांदा पडद्याकडे तोंड करून बसवलं. पॅसेंजरकडे पाठ करायची म्हणून त्यांनी उशांकडे बघून ओशाळं हसूनही घेतलं. हात मागे नेऊन त्यांनी मोज्यातली बेल दिली आणि बस निघाली.

सुरुवातीला त्रेधा उडाली. "उजवीकडे बघ, वळण आहे!" "बघतोय की!" "ते दरीत बघतोयस! रस्त्याकडे बघ!" "रस्ता तुला ठाऊक आहे, मला दरी बघू दे की जरा!" मास्तरांना शिंक आली तेव्हा बसने कठड्याला नमस्कार केला. पण घाट चढता चढता दोघांचं जमलं. कुठे वळायचं ते अण्णांच्या हातांना पाठ होतं, आणि अण्णा बोलायच्या आत मास्तर तिकडे वळू लागले. जुनी माणसं, जुनी सवय.

घाटमाथा आला, शेवटचं वळण आलं, आणि समोर सगळं तळं उलगडलं.

मास्तर म्हणाले, "असं होतं हे?"

"असं म्हणजे?"

"अरे, मला बाजूच्या खिडकीतून नुसतं पाणी चमकायचं तेवढं माहिती. तेही उलटं, मागे मागे जाणारं. हे असं समोरून अंगावर येतं, होय? आणि तू हे रोज बघायचास!"

"रोज."

"आणि कधी बोलला नाहीस."

"मला वाटलं, तूही बघतोस."

मास्तरांनी हात मागे नेऊन एकदा घंटी दाबली. थप. अण्णांनी बस तळ्याच्या स्टॉपवर अलगद उभी केली.

"तुला समोरचं दिसायचं, मला मागचं," मास्तर पडद्याकडे बघत म्हणाले. "आता मागचं सांगतो. इथे वहिनी चढायच्या."

"कुठल्या वहिनी?"

"तुझी बायको रे. लग्नाआधी. शिवणाच्या क्लासला जायच्या. तुझ्या मागची एकटी सीट धरायच्या."

"छट," अण्णा म्हणाले. "मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते बघायला गेलो तेव्हा. आणि तिने तर मान वरसुद्धा केली नव्हती."

"करेल कशाला? तुझी मान तिला पाठ झाली होती. सबंध रस्ता मानेकडेच बघायच्या. तू डावीकडे वळलास की ह्या डावीकडे, तू उजवीकडे की ह्या उजवीकडे. मी समोर उभा, तिकीट पुढे करून, आणि ह्यांचं लक्षच नाही. तुझ्या सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरला बघून चढायच्याच नाहीत. क्लास बुडवायच्या."

नवऱ्याचा फोन कानाशी धरून दारात आलेली सून जागच्या जागी थांबली.

"आणि त्यांचे मामा तुझ्या घरी स्थळ घेऊन आले," मास्तर म्हणाले, "त्यांना तुझा पत्ता काय वाऱ्याने सांगितला? पण वहिनींनी मला बजावलं होतं, 'मी जिवंत असेपर्यंत बोलायचं नाही.' त्या गेल्या. मग मी म्हटलं, सांगू एकदा, सांगू एकदा, आणि रोज तू गाडी पुढे काढायचास. आज मात्र ठरवून आलो होतो. इथेच सांगायचं होतं."

सारी नोकरी झाली, त्यावर इतकी वर्षं ह्या खुर्चीत गेली, पण गाडीत बसल्यावर अण्णांनी मागे म्हणून कधी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरने मागे बघायचं नसतं. आता त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि खुर्चीतल्या खुर्चीत वळून पलंगाकडे पाहिलं. पहिली उशी त्यांच्या अगदी पाठीशी होती.

खाली रस्त्यावर मोटारीचा हॉर्न वाजला. मास्तरांची मुलगी आली होती. फोनमधून मुलगा विचारत होता, "काय गं, झालं का चालू?"

"झालं," सून हळूच म्हणाली. "पण आत्ता थांबलंय. तू थांब जरा." आणि ती मास्तरांच्या मुलीला चहाला थोपवायला पायऱ्या उतरून गेली.

मास्तर नेहमीच्या सवयीने म्हणाले, "अण्णा, पुढे बघ. गाडी चालू आहे."

"पुढचं तू बघतोयस ना," अण्णा म्हणाले. "मला जरा वेळ मागे बघू दे."